सूड, क्षमा आणि 'पेय्' : 'पिसासु'च्या निमित्ताने

भयपटातील भूत सूडासाठीच परत येते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की ते का परतले हा प्रश्न विचारण्याची गरजच उरलेली नाही. राघव लॉरेन्स यांच्या 'कांचना' (२०११) या तमिळ चित्रपटात हा रूपबंध समर्थपणे वापरलेला आहे. जमिनीच्या लोभापायी मारल्या गेलेल्या तृतीयपंथी कांचनाला कायदा जो न्याय देत नाही, तो तिचे भूत मिळविते. मिष्किन यांचा 'पिसासु' (२०१४) मात्र या गृहीतकालाच छेद देतो.

सिद्धार्थ हा व्हायोलिनवादक अपघातात जखमी झालेल्या भवानीला रुग्णालयात नेतो. त्याचा हात धरूनच ती प्राण सोडते. पुढे तिचे भूत त्याच्या घरी वावरू लागते. तो भयभीत होतो, पण ते त्याचे मद्यपान थांबविते, त्याच्या आईचा जीव वाचविते. तिला धडक देणाऱ्या वाहनचालकाचा शोध सिद्धार्थ घेऊ लागतो आणि हा शोध अखेर त्याच्यापाशीच येऊन थांबतो. सोफोक्लीझच्या ईडिपसप्रमाणे येथेही शोधणारा आणि अपराधी एकच आहेत.

या कलाटणीची मुळे तमिळ परंपरेतच शोधता येतात, असे मला वाटते. तिरुवालंगाडु आणि त्याला लागून असलेले पळैयनूर या परिसराशी 'पेय्' म्हणजे भूत या संकल्पनेची दोन परस्परविरोधी रूपे निगडित आहेत. पहिले नीलीचे. कथेच्या प्रचलित रूपात पूर्वजन्मी पतीने ठार केलेली नीली त्याला पुन्हा गाठते. सत्तर वेळ्ळाळ त्याच्या जिवाची हमी घेतात. तो मारला जातो आणि दिलेल्या शब्दाखातर ते सत्तरही अग्निप्रवेश करतात. एका अपराध्याच्या शासनासाठी सत्तर निरपराधांचा बळी जातो. सुडाचा हिशेब कधीच जुळत नाही, हे लोककथेने केव्हाच ओळखले होते. दुसरे रूप कारैक्काल अम्मैयार या संतकवयित्रीचे. देहसौंदर्य टाकून तिने पेय्‌चे रूप मागून घेतले आणि ती शिवाच्या नृत्यापाशी राहिली. येथे भूत होणे म्हणजे निरपेक्ष प्रेमाची परिसीमा होय. भवानी नीलीच्या वेशात येते, पण तिचे नाते अम्मैयारशी आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. बळी गेलेल्या स्त्रीनेच अपराधी पुरुषावर माया करावी, हा तिच्यावर लादलेला सोशिकपणाच नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. कांचनासारख्या शोषितांना क्षमेचा उपदेश करणे हा दुसरा अन्यायच ठरेल. तथापि भवानीच्या मृत्यूमागे लोभ नाही, बेसावधपणा आहे. शिवाय तिच्या क्षमेने सत्य झाकले जात नाही. सिद्धार्थला स्वतःचा अपराध ओळखावाच लागतो. सत्य दडविणारी क्षमा आणि सत्याला सामोरे नेणारी क्षमा यांतील हा भेद निर्णायक आहे.

मराठी गूढकथेची समीक्षा बहुधा तंत्र, वातावरणनिर्मिती आणि धक्कादायक शेवट यांपाशीच घोटाळत राहिली आहे. भूत कोणत्या नैतिक प्रश्नाचे उत्तर म्हणून अवतरते, हे तपासावयाचे झाल्यास आपल्या लोककथांतील हडळ, मुंजा, वेताळ यांच्याकडे पुन्हा वळावे लागेल. भय हा अशा कथेचा केवळ दरवाजा असतो. आत काय आहे हे सांगणे समीक्षेचे काम आहे.