न बोलणाऱ्यांचे आंबे

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, अशा अर्थाची म्हण आपल्या घरांतून नित्य ऐकू येते. न बोलणाऱ्याच्या आंब्यांचे काय होते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. ज्यांची वाणी आजाराने हिरावली अथवा ज्यांना ती जन्मतःच लाभली नाही, अशांच्या शुश्रूषेत हा प्रश्न फार गंभीर होतो.

इंदुरातील आमच्या परिचयाच्या एका घरी वृद्ध आजींना पक्षाघातानंतर वाचाघात झाला. त्यांना समजे पुष्कळ. शब्द तेवढे ओठांवर येत नसत. सकाळी सेविका दलिया घेऊन आली की त्या तोंड फिरवीत. आजी हट्टी झाल्या, असा निवाडा सर्वांनी परस्पर देऊन टाकला. उपचारासाठी मिळालेल्या चित्रांखाली हिंदी शब्द होते. ते त्यांना परके वाटत. अखेर नातीने घरातल्याच वस्तूंची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवली आणि खाली ठळक मराठी अक्षरांत लिहिले : देवघर, तुळस, न्हाणीघर, खिचडी. आजींचे बोट प्रथम न्हाणीघरावर आणि मग देवघरावर थांबले. स्नान-पूजेपूर्वी अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम होता. न्याहारीची वेळ बदलली आणि 'हट्ट' संपला.

उणीव आजींच्या बुद्धीत नव्हती. आमच्या विचारण्याच्या रीतीत होती.

मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यामागची प्रेरणा होती त्यांची कन्या मालिनी चिब. याच मालिनीबाईंनी एका बोटाने टंकलेखन करीत आपले आत्मकथन लिहिले. 'वन लिटल फिंगर' या नावाने ते 2011 साली प्रसिद्ध झाले. जिच्यासाठी इतरांनी काम आरंभिले, तीच पुढे अपंगांच्या हक्कांसाठी स्वतः उभी राहिली.

अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करून घ्यावेत, असे संयुक्त राष्ट्रांचा 2006 सालचा करार सांगतो. भारताने त्याला 2007 साली मान्यता दिली. आपल्या 2016च्या कायद्यानेही 'संवादा'च्या व्याख्येत ब्रेल, खुणा, मोठी छपाई, सोपी भाषा आणि वाणीला पूरक व पर्यायी साधने यांचा समावेश केला आहे. तरीही सेवासंस्थांच्या सभांतून बहुधा पालक आणि चालकच बोलतात, आणि ज्याची सेवा व्हायची तो कोपऱ्यात बसून राहतो.

यावर उपाय अवघड नाहीत. त्यांना वेळ मात्र लागतो. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची शांतपणे वाट पाहावी. समोरच्याचे वाक्य आपण पुरे करू नये. 'होय' मिळाल्यास तोच प्रश्न उलटा विचारून खात्री करावी. फलकावर 'यांपैकी काही नाही' असेही एक घर अवश्य असावे. नाहीतर आपण मांडलेल्या पर्यायांतूनच त्याला निवड करावी लागते आणि उत्तरही आपलेच ठरते. संस्थांनी सभेतले प्रश्न चित्रांसह आधी हाती द्यावेत, आणि दिलेल्या मतामुळे काय बदलले, हे नंतर आवर्जून कळवावे.

परप्रांतात वसलेल्या आपल्या घरांवर आणखी एक जबाबदारी येते. रुग्णालयाची भाषा एक, सेविकेची दुसरी, आणि दुखण्याची भाषा मात्र मायबोलीच. तेव्हा घरच्या शब्दांचा असा फलक आपणच सिद्ध करावा व सेविकेसाठी शेजारी तिच्या भाषेतही ते शब्द लिहावेत.

सेवा करणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'तुम्हांला काय हवे?' असे विचारून क्षणभर थांबणारी माणसे हवी आहेत.