पोर्तुगालचे दार कोणासाठी उघडे?

घरबसल्या संगणकावर दूरदेशीच्या कंपनीचे काम करणारा मोठा नोकरदारवर्ग कोविडच्या काळात उदयास आला. या वर्गाला आपल्या भूमीत वास्तव्याचे निमंत्रण देणाऱ्या युरोपीय राष्ट्रांपैकी पोर्तुगाल हे एक होय. ३० ऑक्टोबर २०२२ पासून त्या देशाने यासाठी ‘डी-८’ हा व्हिसा सुरू केला.

त्याची मुख्य अट उत्पन्नाची आहे. काम पोर्तुगालबाहेरील मालकाचे अथवा ग्राहकांचे असावे आणि मागील तीन महिन्यांची सरासरी मिळकत तेथील किमान वेतनाच्या चौपट असावी. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते. चौपट म्हणजे ३,४८० युरो, तीन लाख रुपयांहून अधिक. हा व्हिसा दोन प्रकारे मिळतो. एक फार तर वर्षभराच्या मुक्कामासाठी. दुसरा चार महिन्यांचा. त्या मुदतीत ‘आयमा’ या स्थलांतर कार्यालयाकडून दोन वर्षांचा निवास परवाना घ्यावयाचा असतो. निवृत्तिवेतन वा घरभाडे यांवर जगणाऱ्यांसाठी ‘डी-७’ हा निराळा व्हिसा आहे.

वर्षात १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की तेथील प्राप्तिकर लागू होतो. नवागतांना मिळणारी जुनी मोठी करसवलत २०२४ पासून बंद झाली आहे, हे जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते.

वसईकरांचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे. वसई मात्र १७३९ मध्येच पोर्तुगीजांच्या हातून गेली. त्यामुळे केवळ डिसोजा, परेरा या आडनावांनी आपल्याला काही मिळत नाही. शिवाय परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, हे गोव्यातील बांधवांनीही विसरू नये.

आम्हांस खटकते ती गोष्ट निराळीच आहे. पर्यटक म्हणून आलेल्या, परंतु नोकरी मिळवून सामाजिक सुरक्षेचे हप्ते नियमित भरणाऱ्या मजुराला पूर्वी तेथेच राहून परवाना मागता येत असे. ३ जून २०२४ रोजी शासनाने ही सोय रद्द केली. ओदेमिरा भागात प्लास्टिकच्या छपराखाली रासबेरी तोडणाऱ्या मजुरांत भारतीय व नेपाळी पुष्कळ आहेत. २०२१ च्या साथीत त्यांची दाटीवाटीची घरे जगाला दिसली. आपल्या सीमेचे नियमन करण्याचा प्रत्येक राष्ट्राला अधिकार आहे, आणि चार लाखांहून अधिक प्रलंबित प्रकरणांचा भार त्या शासनावर होता, हेही खरे. तथापि ज्याच्या श्रमावर शेती उभी आहे त्याची वाट अरुंद करावी आणि ज्याचा पगार परदेशातून येतो त्याला खास वाट काढून द्यावी, हे मोजमाप पैशाचे आहे. लिस्बनमधील घरभाडी स्थानिक कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. चौपट कमावणारा पाहुणा त्याच बाजारात घर शोधतो, हे जाणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

आपल्या तरुणांपैकी ज्यांची मिळकत या अटीत बसते त्यांनी भारतातूनच रीतसर अर्ज करावा. ‘आधी पर्यटक म्हणून जा, कागद तेथे होतील’ असे सांगणारा दलाल बंद झालेल्या वाटेचे पैसे मागत आहे. तेथे पोहोचल्यावर परवान्यासाठी ‘आयमा’च्या तारखेची वाट पाहावी लागते, आणि तीत महिने जाऊ शकतात, तेवढ्या काळाच्या खर्चाची तजवीज येथूनच करून निघावे.