नंबर बदलला, खोट तशीच!

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील भाजीपाला गोव्याच्या बाजारात जातो, तो बहुतेक पिकअपमधून. कडोली, उचगाव, बेळगुंदी या पट्ट्यातील कितीतरी तरुण आज शेतीबरोबर स्वतःची गाडी चालवतात. रात्री माल भरायचा, पहाटे चोर्ला घाट उतरायचा आणि दुपारपर्यंत परत यायचे, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. नव्या गाडीची किंमत झेपत नाही म्हणून यांतले बहुतेकजण जुनी गाडी घेतात, आणि ती घेतात कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडून. भाषा आपली, पाहुणेरावळे तिकडचे, एजंटही ओळखीचा. व्यवहार सोपा वाटतो. गाडी ‘एमएच-०९’ म्हणून येते आणि वर्षभरात ‘केए-२२’ होते.

या व्यवहारात एक प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि आमच्या मते तोच पहिला विचारायला हवा. या गाडीला कंपनीचा रिकॉल होता का? असेल तर ते काम झाले का?

रिकॉल म्हणजे एखाद्या काळात तयार झालेल्या गाड्यांत सुरक्षिततेला धोका ठरेल असा दोष आढळला, तर कंपनीने त्या गाड्या परत बोलावून तो भाग तपासणे व फुकट बदलून देणे. यात कंपनीची नाचक्की आहे असे मानण्याचे कारण नाही. दोष दडवणाऱ्यापेक्षा जाहीर करणारा बरा. २०२१ साली महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात तयार झालेल्या २९,८७८ पिकअप परत बोलावल्या. द्रव वाहून नेणारी एक नळी नीट जोडली गेली नसावी, अशी शंका होती. मारुतीच्या सुपर कॅरी या मालवाहू गाडीचे २०२२ मधील प्रकरण तर आणखी बोलके आहे. मे ते जुलै २०२२ या तीन महिन्यांत तयार झालेल्या ५,००२ गाड्यांत क्लीनरच्या बाजूच्या सीटबेल्टचा एक बोल्ट पुरेसा आवळला गेला नसण्याची शक्यता होती. एका बोल्टसाठी पाच हजार गाड्या!

आता कोणी म्हणेल, आमचा मिस्त्री गाडीचा आवाज ऐकून सगळे सांगतो, हे रिकॉलचे खूळ कशाला? मिस्त्रीबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्याला बरोबर न्यावेच. पण जुन्या गाडीत दोन प्रकारचे दोष असतात. एक झिजेचा, दुसरा जन्माचा. झीज मिस्त्रीला कळते. थंड इंजिन सुरू करून धूर कोणत्या रंगाचा येतो, ऑइलचे झाकण काढल्यावर आतून वाफ किती फेकते, क्लच सुटतो का, स्टिअरिंगला किती ‘प्ले’ आहे, हे तो पाहतो. जाणता मिस्त्री तर आधी खाली वाकतो. पाट्यांत जादा पान घातले आहे का? पाटे बसतात तिथे चेसीला वेल्डिंग केले आहे का? फळ्या उंच केल्याच्या खुणा आहेत का? हे सापडले तर गाडीने आयुष्यभर क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहिले असे समजावे, मग मीटर काहीही दाखवो. मीटरवर तर विश्वास ठेवूच नये. त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलचे रबर किती गुळगुळीत झाले ते पाहावे. टायरवर चार आकडे असतात. ‘३५१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने झालेले असते. आणि गाडी रिकामी चालवून पाहू नये. दहा-पंधरा पोती टाकून चढावर न्यावी, उतारावर ब्रेक दाबून बघावा. रिकामी पिकअप सगळीच चांगली पळते.

हे सगळे केले तरी कारखान्यात कमी आवळलेला बोल्ट मिस्त्रीला दिसत नाही. तो निसटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी ठणठणीतच असते. ती खोट फक्त कागदावर सापडते, आणि तो कागद आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाही.

का पोहोचत नाही? कंपनी कळवते ते आपल्या नोंदीतील मालकाला. तो पहिला मालक कागलचा असतो किंवा जयसिंगपूरचा. त्याने गाडी विकली, घेणाऱ्याने पुन्हा विकली, तिसऱ्याकडून ती आपल्या गावात आली. पत्र पहिल्याच्या घरी पडून असते, फोन त्याच्या जुन्या नंबरवर जातो. हमीची मुदत संपल्यावर पिकअपवाले कंपनीच्या वर्कशॉपची पायरी चढत नाहीत, नाक्यावरच्या गॅरेजात काम होते. म्हणजे तोही मार्ग बंद. त्यात राज्य बदलले की नंबर बदलतो. सूचना माणसाच्या मागे जाते आणि दोष गाडीबरोबर राहतो, हे या प्रकरणातले खरे दुखणे. देशात सगळीकडे थोडेबहुत असेच होत असेल, पण आम्हा सीमावासीयांची गाडी मालक, राज्य आणि नंबर तिन्ही बदलून येते.

न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे चेसी नंबर. सतरा अक्षरे-आकड्यांचा हा नंबर आरसीवर असतो आणि चेसीवर ठोकलेला असतो. नाव बदलताना एजंट पेन्सिल घासून त्याचा छाप घेतो, तो आपण इसार देण्याआधीच घ्यावा. आरसीवरील नंबराशी तो अक्षर न् अक्षर जुळवावा आणि त्याच कंपनीच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये तो देऊन विचारावे की या गाडीचे काही रिकॉल बाकी आहे का आणि पूर्वी काय कामे झाली. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावरही चेसी नंबर टाकून हे पाहता येते. आरसीवर गाडी तयार झाल्याचा महिना व वर्ष असते, तेही टिपून घ्यावे. नोंदणीचे वर्ष आणि तयार झाल्याचे वर्ष एक असेलच असे नाही, आणि रिकॉल ठरतो तो तयार झाल्याच्या तारखेवर.

आम्ही बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो, म्हणून याच बाजूचे थोडे सांगतो. काही दिवसांपूर्वी एका तरुण शेतकऱ्याची फाईल आली. गाडी २०२१ च्या नोंदणीची, विकणारा तिसरा मालक. आरसी, विमा, फिटनेस, व्हॅल्युअरचा दाखला, आधीच्या फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र, सगळे चोख. आरसीवर तयार झाल्याचा महिना आदल्या वर्षातला होता. आम्ही त्याला चेसी नंबर घेऊन वर्कशॉपला जाऊन यायला सांगितले. तिथे दहा मिनिटांत उत्तर मिळाले. एक रिकॉल लागू होता आणि काम झालेले नव्हते. तीन मालक होऊन गेले, एकालाही पत्ता नव्हता. काम फुकट झाले, अर्धा दिवस गेला, आणि कर्ज पुढच्या आठवड्यात मंजूर झाले. आमच्या फाईलच्या तपासणी-यादीत मात्र रिकॉलचा रकाना आजही नाही. बँक लाखो रुपये ज्या गाडीवर देते, ती तारण म्हणून तरी धड आहे की नाही, हे विचारणे बँकेच्याच हिताचे नाही काय?

कायदा नाही असेही नाही. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने पाळायची रिकॉल आचारसंहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीचा रिकॉल करावा लागला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. पण हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत, आणि ठराविक संख्येने मालकांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या तर सरकार पाऊल उचलते. तक्रार नोंदवणारा कोण? ज्याला असे काही आहे हे माहीत आहे तो. आमच्याकडचा दुसरा-तिसरा मालक गाडी घेतो तेव्हा ती सातव्या वर्षाच्या आसपास आलेली असते. त्याच्या हाती कायदा पोहोचेपर्यंत गाडी कायद्याच्या वयाबाहेर जाते.

अमेरिकेत सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर सतरा अक्षरांचा नंबर टाकला की बाकी रिकॉल कोणालाही दिसतात, मग मालक कितवा का असेना. तिथेही सगळे आलबेल नाही. २०१८ च्या सुरुवातीला फोर्डला २००६ सालच्या काही रेंजर पिकअपच्या मालकांना ‘गाडी चालवूच नका’ असे सांगावे लागले. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमुळे माणसे मेली होती, आणि गाड्या तोवर बारा वर्षांच्या झाल्या होत्या. गाडी जुनी झाली म्हणून जन्माची खोट जात नाही, उलट काही खोटी वयाबरोबर वाढतात.

आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत गाडीचा फिटनेस, विमा, बोजा हे सगळे दिसते. त्याच नोंदीत बाकी रिकॉलची एक ओळ का असू नये? आरटीओने फॉर्म २८ वर ना-हरकत देताना आणि इकडच्या आरटीओने नवा नंबर देताना ती ओळ छापून घेणाऱ्याच्या हातात ठेवावी, ही आमची पहिली मागणी. कर थकला तर ना-हरकत अडते, बोजा असेल तर अडते, चलन बाकी असेल तर एजंट हातापाया पडतो. ज्या दोषाने माणूस मरू शकतो त्याची मात्र साधी नोंद नाही.

काही वाचकांना वाटेल, आपल्या पत्रकात हा गाड्यांचा विषय कशाला? आपला प्रश्न भाषेचा, हक्काचा. आम्ही म्हणतो, हा त्यातलाच आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांहून अधिक असेल तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, ही मागणी आपण कार्यालयांवरील फलकांसाठी आणि सात-बारा उताऱ्यांसाठी वर्षानुवर्षे करतो आहोत. जिवाशी गाठ असलेली सूचना इंग्रजीत कोल्हापूरला जावी आणि बेळगावच्या मराठी माणसाने ती न वाचता घाट उतरावा, हे त्या मागणीचे सर्वांत ठळक उदाहरण नव्हे काय? सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. चोर्ला घाटात ब्रेक मात्र आजच लागायला हवा.

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून घेतलेली गाडी लवकर ‘केए’ करून घेण्याची घाई असते, आणि ती आम्ही समजू शकतो. पण त्या घाईत सगळे लक्ष नंबरप्लेटवर राहते. इथे विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. फॉर्म २९-३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हवाली करू नका. नाव बदलले नसेल तर अपघाताच्या भरपाईला नोंदीतील मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकताना रिकॉलचे पत्र घरात असेल तर तेही आरसीबरोबर द्यावे. त्याला पैसे पडत नाहीत.

मंडळाच्या कार्यकारिणीने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा. आरटीओ आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा मराठी व कन्नड दोन्ही भाषांत आम्ही करून देऊ. तोपर्यंत ज्यांच्या घरी जुनी पिकअप किंवा छोटा हत्ती आहे, त्यांनी आरसी घेऊन रविवारी सकाळी मंडळात यावे. चेसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून, काम बाकी निघाल्यास कोणत्या वर्कशॉपला जायचे, ते तिथल्या तिथे लिहून देण्याची व्यवस्था दोघा-तिघा सहकाऱ्यांनी करायचे कबूल केले आहे.