कपाशीचा पंप भेंडीत नको



कपाशीच्या कडेने भेंडीची चार-दोन तासे टाकायची आपली रीत जुनी आहे. घरची भाजी निघते, आठवडी बाजारात बायकांच्या हाती मीठमिरचीचे पैसे येतात. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातली. त्यामुळे तुडतुडे, मावा, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर येतात.

मग कपाशीसाठी भरलेल्या पंपातले उरलेसुरले औषध जाता जाता भेंडीवर मारले जाते. याला आमचा साफ विरोध आहे. कपाशीचे बोंड कोणी खात नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, चार दिवस राहिली की निबर. फवारणीनंतर तोडा किती दिवस थांबवायचा हे डब्याच्या कागदावर असते. ते दिवस त्याहून जास्त असतील तर ते औषध भेंडीचे नव्हेच. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर कधीचीच बंदी आहे. शिवाय मारणाऱ्याच्या जिवाचे काय? 2017 च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा बोल लावला गेला तो शेतकऱ्याच्याच अडाणीपणाला.

एकात्मिक कीड व्यवस्थापन हे नाव जड आहे, काम घरचेच. उन्हाळी भेंडीची जुनी झाडे कपाशी पेरण्याआधी उपटा, नाहीतर अळीला तिथूनच वाट मिळते. कोवळा शेंडा सुकून माना टाकू लागला की आत अळी आहे असे समजा; शेंडा खालून खुडून नष्ट करा. पोखरलेल्या भेंड्या बांधावर फेकू नका, पुरा. पाने पिवळी पडलेले केवड्याचे झाड दिसताच उपटा, पांढरी माशी तो रोग पसरवते. परभणी क्रांती हे वाण 1985 साली केवड्याला तोंड देण्यासाठीच आले, पण आता नुसत्या वाणावर विसंबून भागत नाही. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी वेचून वाळवा. अर्धा किलो भरड रात्री थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून दहा लिटर करा. आधी तोडा, मग फवारा, तेही संध्याकाळी. ढालकिडे दिसले तर हात आवरा. मावा खायला ते फुकट राबतात.

आता हिशेबाचे. शंभरात पाच भेंड्या पोखरल्या की फवारणी परवडते, असे सांगितले जाते. कोणत्या भावाने? समजा, वीस किलोच्या तोड्यात एक किलो गेली. भाव चाळीस असेल तर चाळीस रुपये बुडाले, भाव आठवर आला तर आठच. औषध आणि मजुरी मात्र तेवढीच लागते. भाव पडला की ही मर्यादाही वर गेली पाहिजे, पण छापील आकडा जागचा हलत नाही. आमच्या पदवीच्या पुस्तकात हे सूत्र होते. ते बाजाराच्या दिवशी मांडून पाहायला आम्हाला चळवळीत यावे लागले.

पुढच्या बैठकीला येताना वहीत तीन आकडे आणा: या हंगामात भेंडीवर किती फवारण्या झाल्या, त्यांना खर्च किती आला आणि त्या आठवड्यात भेंडी काय भावाने गेली.