खोकणाऱ्याच्या तोंडावरचा कागद

फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगच्या दुकानांपुढे लोक मास्कसाठी रात्रभर रांगा लावत होते. रांगेत म्हातारी माणसंही होती. २००३ च्या सार्सच्या साथीत त्या शहराने २९९ माणसं गमावली होती, त्यामुळे मास्क लावा असं तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की तो आणायचा कुठून. त्याच दिवसांत हाँगकाँग विद्यापीठाच्या शेनझेनमधल्या रुग्णालयातले डॉ. जो फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या कागदाचा मास्क कसा करायचा ते लोकांना दाखवलं.

मी तो घरी करून पाहिला. किचन टॉवेलचे दोन कागद एकावर एक ठेवायचे, त्यांच्याखाली एक दणकट टिश्यू पेपर. टिश्यूची बाजू तोंडाकडे येते. तिन्ही थर मिळून मधोमध कापले की दोन मास्क होतात. दोन्ही बाजूंच्या कडा कागदी चिकटपट्टीने बंद करायच्या, पट्टीवर पंचिंग मशीनने भोकं पाडायची आणि त्यांतून कानात अडकवायचे रबरबँड ओवायचे. वरच्या कडेला प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली बारीक तार चिकटवायची. पावाच्या पिशवीचं तोंड बांधायला असते ती चालते. ती नाकावर दाबली की कागद चेहऱ्याला धरून बसतो. हात आधी साबणाने धुवायचे आणि टेबल पुसून घ्यायचं, हे वेगळं सांगायला नकोच. वर चष्म्याला क्लिपा लावून पारदर्शक फाइलचा तुकडा अडकवला की डोळ्यांपुढे आडोसाही तयार.

या मास्कची युक्ती चांगलीच आहे, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी पुढे केलेलं काम. त्यांचा मास्क हाँगकाँगच्याच सिटी युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. थेंब आणि सूक्ष्म कण गाळण्यात तो नेहमीच्या सर्जिकल मास्कच्या ८० ते ९० टक्के काम करतो असं दिसलं. मग तिथल्या ग्राहक परिषदेने कृती लोकांसाठी प्रसिद्ध केली. घरगुती उपाय लोकांना सांगण्याआधी तो मोजून घेतला गेला. आपल्याकडे हा क्रम फार कमी वेळा पाळला जातो, म्हणून आजचं हे लिहिणं.

तो आकडाही नीट वाचायला हवा. विषाणू ९० टक्के अडतात, असा त्याचा अर्थ नाही. सर्जिकल मास्क जितकं अडवतो त्याच्या ८० ते ९० टक्के, असा आहे. शिवाय मास्क गालापासून सुटला असेल तर हवा फटीतून आतबाहेर करते आणि मधल्या कागदाला कामच उरत नाही.

कोणताही कागद घेऊन हे जमत नाही. एका वाटीत पाणी घ्या, त्यात टॉयलेट पेपरचा तुकडा टाका आणि किचन टॉवेलचा तुकडा टाका. दोन्ही बोटाने ढवळा. टॉयलेट पेपरचा क्षणात लगदा होतो, किचन टॉवेलचा तुकडा अखंड बाहेर येतो. ओल्यातही तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून किचन टॉवेलमध्ये बनवतानाच एक राळ मिसळतात, टॉयलेट पेपर मात्र पाण्यात विरघळावा अशाच बेताने केलेला असतो. आपला उच्छ्वास ओलाच असतो. मी मास्क लावून घरात वावरलो तेव्हा अर्ध्या तासात आतला टिश्यू मऊ पडला आणि बोलताना ओठांना चिकटू लागला. वापरा आणि टाका हा या मास्कचा नियम त्या ओलीतून आलेला आहे. वाळवून पुन्हा लावायची ही वस्तू नाही.

दुकानातल्या चांगल्या मास्कमध्ये मधला थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याचे धागे बहुतेक १ ते ५ मायक्रॉन जाडीचे, कागदाचे तंतू त्यांच्या कितीतरी पट जाड. त्या धाग्यांवर विद्युतभारही दिलेला असतो, त्यामुळे जवळून जाणारा कण ओढून घेतला जातो. कागदात यातलं काही नाही. म्हणून बांधकामाची बारीक धूळ, जळत्या कचऱ्याचा धूर किंवा रुग्णाची शुश्रूषा यांसाठी कागदी मास्कवर विसंबू नये. लहान बाळांना आणि दम लागणाऱ्यांना तर तो लावूच नये.

मग तो उपयोगाचा कुणाला? खोकणाऱ्याला. तोंडातून निघतो तेव्हा थेंब मोठा आणि ओला असतो. हवेत तो लगेच सुकतो, आकसतो आणि तरंगत राहतो. मोठा असतानाच त्याला दारात अडवणं सोपं जातं. याचा फार बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या दोन खोल्यांकडे सोडली होती. एक दिवसाआड रुग्ण सर्जिकल मास्क लावत. मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० गिनिपिगांपैकी ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० पैकी ३६ जणांना. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सर्जिकल मास्कनेही लागण पूर्ण थांबली नाही, पण जवळपास निम्म्यावर आली, आणि तीही फक्त आजारी माणसाने तोंड झाकल्यामुळे.

आपल्याकडे २०२० मध्ये हीच गोष्ट लोकांपर्यंत पोचली नाही. झडप असलेले एन-९५ मास्क लोकांनी हौसेने घेतले. त्या झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणजे दुसऱ्याचं रक्षण कमी होतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना तसं पत्र लिहिलं ते जुलैमध्ये. तोवर लाखो मास्क विकले गेले होते.

महाराष्ट्रात हाँगकाँगची कृती जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. किचन टॉवेलची गुंडाळी आपल्या किती घरांत असते? आपल्या घरात असतं ते जुनं सुती लुगडं, धोतर, बनियन. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २०२० च्या मार्चअखेरीस घरगुती मास्कची पुस्तिका काढली, ती कापडाचीच होती. मास्क मिठाच्या पाण्यात उकळा किंवा प्रेशर कुकरमध्ये ठेवा, असं तिच्यात सांगितलं होतं. तो सल्ला आपल्या घरांना ओळखीचा होता. गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांनी रात्री जागून मास्क शिवले. केंद्राने तीनपदरी मास्कची किंमत मार्चमध्ये १० रुपयांवर बांधली. राज्याने ऑक्टोबरमध्ये ती ४ रुपयांवर आणली, पण मधले महिने ज्याला परवडलं नाही त्याचं तोंड एकपदरी रुमालानेच झाकलेलं होतं. रुमालाला दुसरा-तिसरा पदर का हवा, हे त्याला कुणी समजावलं नाही.

कागदी मास्क टाकतानाही एक काळजी हवी. कोविडच्या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं होतं की घरात कुणी बाधित नसेल तर वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवावा, कापावा आणि मगच कचऱ्यात द्यावा. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात हातमोजे नसतात, हे आपण रोज पाहतो.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे माझी मागणी साधी आहे. साथ नसताना, आत्ताच, आपल्या घरांत असतात ती कापडं आणि कागद एखाद्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. कशाचे किती पदर, ते किती अडवतात, किती वेळ टिकतात आणि कुठे अजिबात चालत नाहीत, हे एका पानावर सोप्या मराठीत छापा. ते पान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा आणि आशाताईंच्या हाती द्या.

आणि वाचकहो, घरात कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तपासणीचा निकाल येईपर्यंत मास्क सगळ्यांत आधी त्या खोकणाऱ्याला द्या. दुकानातला मिळाला तर उत्तम, नाहीतर तीन पदरांचा घरचा.