सिस्टरचा खासगी नंबर मागू नका!

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक सिस्टरचा खासगी मोबाइल नंबर मागतात. तिने नकार दिला की ‘माणुसकीच नाही’ म्हणून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. त्या नकारात तुमचेच हित आहे. रात्री दोनला छातीत दुखू लागले आणि तुम्ही तिला व्हॉट्सॲप केले, तर ड्यूटी करून झोपलेली सिस्टर तो मेसेज सकाळी पाहील. हार्ट अटॅक असेल तर तोवर हृदयाचा बराच स्नायू मेलेला असतो. अशा वेळी १०८ लाच फोन करा. इतर शंकांसाठी ओपीडी आहे. आणि पाकीट, साडीही नको. शेजारच्या खाटेवरच्या गरिबाने मग काय द्यायचे? कृतज्ञता वाटते ना? अभिप्रायाच्या वहीत तिचे नाव घालून दोन ओळी लिहा.