भूत दार वाजवून येतं

हॉरर म्हटलं की आपण उशी घट्ट धरून बसतो. अचानक काहीतरी अंगावर येणार, आपण किंचाळणार आणि मग स्वतःलाच हसणार. याच अपेक्षेने ‘डार्क शॅडोज’चा २१० वा भाग लावलात तर वैतागाल. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १७ एप्रिल १९६७ ला दाखवलेला हा ब्लॅक अँड व्हाइट एपिसोड. बराच वेळ नुसतं बोलणं. तरीही सांगतो, बघाच.

थोडी पार्श्वभूमी. डॅन कर्टिसची ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. मेन राज्यातलं समुद्राकाठचं गाव, तिथला कॉलिन्स घराण्याचा अवाढव्य वाडा आणि त्यातली गुपितं. दुपारी लागणारी डेली सोपच ती, फक्त हवा भुताटकीची. टीआरपी पडलेला, मालिका बंद पडायची वेळ आलेली. मग निर्मात्यांनी थेट व्हॅम्पायरच आणला.

या भागात विली लूमिस हा भुरटा माणूस जुन्या दागिन्यांच्या आशेने कॉलिन्सांच्या थडग्यात शिरतो. साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. एपिसोड खतम! चेहरासुद्धा दिसत नाही.

सगळे या हाताबद्दल बोलतात. मला मात्र खरी भीती वाटली ती दुसऱ्या दिवशीच्या, २११ व्या भागात. बार्नबस कॉलिन्स (जोनाथन फ्रिड) वाड्याच्या दारात उभा. हातात काठी, बोलणं एकदम अदबीचं. ‘मी इंग्लंडहून आलेला तुमचा नातेवाईक,’ असं सांगतो. हॉलमधल्या पूर्वजाच्या पोर्ट्रेटसारखा हुबेहूब दिसतो. झालं, तेवढंच त्याचं ओळखपत्र! पुढे तर आवारातला जुना बंगलाही त्याला राहायला मिळतो.

आता गंमत बघा. विली काही साधुसंत नाही. तो घरातल्या मुलींना त्रास देतो, त्याच्यावर संशय घेणं बरोबरच. पण तो फाटका आहे म्हणून प्रत्येकाची नजर त्याच्यावर. आणि जो खरोखर रक्त पिणार आहे, तो आडनावाच्या जोरावर पुढच्या दाराने आत येतो. विलीला तर तो आपला गुलामच करून टाकतो. दोन भाग सलग बघितले की कळतं, ही गोष्ट भुताची कमी आणि घराण्याची जास्त आहे.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६ मध्ये हीच नस पकडली होती. कोकणातला नाईकांचा वाडा, सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने. २०१९ च्या दुसऱ्या भागात गोष्ट मागे गेली आणि जिवंत अण्णा दिसले. मेलेल्या अण्णांपेक्षा ते जास्त भयंकर वाटले, कारण त्यांना जाब विचारणारं घरात कुणी नव्हतं.

‘डार्क शॅडोज’मध्ये खोट काढायची तर भरपूर आहे. शूटिंग जवळपास लाइव्ह असल्यासारखं चालायचं, रीटेक क्वचितच. त्यामुळे नट वाक्यं विसरतात, मध्येच माइक डोकावतो. कालची गोष्ट आज पुन्हा सांगितली जाते, ते तर फारच कंटाळवाणं. शिवाय बार्नबस इतका लोकप्रिय झाला की थोड्या दिवसांसाठी आणलेला हा खलनायक हळूहळू हिरोच बनला. १९७१ मध्ये मालिका संपली तेव्हा १,२२५ भागांपर्यंत आकडा गेला होता. म्हणजे घरातल्यांसारखे प्रेक्षकही त्याच्या अदबीला भुललेच की!

मित्रांनो, म्हणूनच हे दोन भाग आजही शिळे वाटत नाहीत. रूम भाड्याने घेताना कामाआधी आडनाव विचारलं जातं. लग्नाच्या बोलण्यांत ‘चांगल्या घरातला आहे’ एवढं म्हटलं की बाकीचे प्रश्न बंद. साध्या कपड्यातल्या मुलाला गेटवर अडवणारा वॉचमन गाडीतून येणाऱ्याला सलाम ठोकतो. शवपेटीतला हात फार तर एकदा दचकवतो. दारातल्या पाहुण्याला मात्र आपणच ‘या, बसा’ म्हणतो. त्याआधी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?